एका सांबराची वाटणी

हथखोज हे नाव मी पहिल्यांदा ऐकले, तेव्हा ते एखाद्या शिकाऱ्याच्या तोंडून निघाले असावे असे मला वाटले. हिंदीच्या जुन्या कोशांत ‘खोज’ या शब्दाचा एक अर्थ पाऊलखूण असा दिला आहे; आणि हत्तींच्या तबेल्याला जसे ‘हथसार’ म्हणतात, त्याच चालीने हथखोज म्हणजे हत्तीचा माग. ही व्युत्पत्ती घरगुती आहे; भाषापंडितांनी तिच्याकडे दयाळूपणे काणाडोळा करावा. हत्तीचे मुख येथे आता फक्त भाद्रपदात, आरास केलेल्या मांडवांतून दिसते. एरवी भिलाईच्या पोलाद कारखान्याच्या आधाराने वाढलेली ही अवजड उद्योगांची वसाहत आहे. पहाटे फिरावयास निघालो की रस्त्यावरच्या काळ्या धुळीत माग दिसतात ते बारा-बारा चाकांच्या मालमोटारींचे. मी त्यांतूनही काही वाचीत चालतो: हा भरलेला गेला, हा रिकामा परतला, या वळणावर कोणाला तरी एकाएकी थांबावे लागले. ही सवय मला वयाच्या बाराव्या वर्षी लागली. ती लावणारा मनुष्य बैगा होता आणि त्याला अक्षरओळख नव्हती.

निवृत्तीनंतर गावाच्या कडेला मी लहानसे घर बांधले, तेव्हा नातलगांनी विचारले की पुण्यास का येत नाही. परप्रांती उभी हयात काढलेल्या वाचकांना हा प्रश्न नवीन नाही, आणि त्याला सरळ उत्तर नसते हेही त्यांना ठाऊक आहे. आम्ही तर परप्रांती आलोच नव्हतो. प्रांतच आमच्या पायांखालून सरकला. माझे वडील, ज्यांना आम्ही दादा म्हणत असू, दुर्ग जिल्ह्यात सरकारी नोकरीत होते. तेव्हा राजधानी नागपूर होती, आजोळ नागपूर होते, बदलीचे हुकूमही नागपुराहूनच येत. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ मुंबई राज्यात गेला, छत्तीसगढ नव्या मध्य प्रदेशात राहिले, आणि दादा होत्या त्याच खुर्चीवर, होत्या त्याच दौतीपुढे, एका रात्रीत परप्रांतातले अधिकारी झाले. पुढे १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगढ राज्य झाले, तेव्हा मीही असाच जागच्या जागी दुसऱ्या राज्यात गेलो. आमच्या घराण्याला प्रवासाची दगदग अशी फार पडली नाही.

हे सारे आठवावयास निमित्त झाले ते मागील पावसाळ्याच्या अखेरीस आलेल्या एका दूरध्वनीचे. चिरंजीव अमेरिकेत कोलोरॅडो राज्यात असतात. तेथील शेजाऱ्यांच्या संगतीने त्यांना डोंगरातल्या एल्कच्या शिकारीचा नाद लागला आहे. यंदा ते आपल्या मुलाला प्रथमच बरोबर नेणार होते. तिकडे मोठ्या जनावराच्या शिकारीस बारा वर्षांची अट आहे आणि नातवाला नुकतेच बारावे संपले होते. त्याने रीतसर शिक्षण घेऊन परीक्षा दिली होती; सोडतीत परवानाही मिळाला होता. नारिंगी रंगाचा अंगरखा किती चौरस इंचांचा असावा इथपर्यंत तेथे नियम आहेत, आणि मारलेल्या जनावराचे मांस रानात टाकून येणे हा गुन्हा मानला जातो. हे सर्व सांगून झाल्यावर चिरंजीव म्हणाले, “बाबा, तुम्ही आजोबांबरोबर सांबराच्या शिकारीला गेला होतात ना, त्याच्याच वयाचे असताना? ती एका गोळीची गोष्ट त्याला सांगा. त्याचा धीर वाढेल.”

मी म्हणालो, “सांगतो. पण आज नको.”

अमेरिकेतला एल्क आणि आपला सांबर ही एकच जात नव्हे, हे येथेच सांगून टाकतो; कारण या नावांचा घोटाळा बराच जुना आहे. युरोपात ज्याला एल्क म्हणतात त्याला अमेरिकेत मूस म्हणतात. आणि अमेरिकन लोक ज्याला एल्क म्हणतात त्याचे तिथल्या शॉनी लोकांच्या बोलीतले नाव वापिटी, म्हणजे पांढऱ्या पुठ्ठ्याचा. सिलोनात गेलेल्या इंग्रजांनी तर आपल्या सांबरालाच एल्क म्हणावयास प्रारंभ केला. सॅम्युएल बेकर याच्या १८५४ सालच्या शिकारीच्या पुस्तकात पानोपानी भेटणारा एल्क म्हणजे सांबरच. घर सोडून लांब गेलेली माणसे ओळखीची नावे अनोळखी जनावरांना देत सुटतात, ही खोड आपल्यालाही आहे. मात्र दोन्ही प्राण्यांचे शील सारखे. दोघेही डोंगराच्या आश्रयाने राहणारे, दोघांनाही दरसाल नवी शिंगे फुटणारी, आणि दोघांचेही नर माजाच्या दिवसांत आपला नेहमीचा शहाणपणा थोडासा विसरणारे. सांबराचा माज आपल्याकडे थंडीच्या तोंडाशी येतो. पावसाळ्यात मखमलीने मढलेली शिंगे तोवर टणक झालेली असतात. नराच्या मानेवर आयाळीसारखे राठ केस फुलतात. चिखलात लोळून तो आधीच काळसर असलेला देह अधिक काळा करून घेतो.

तो डिसेंबर १९६४ होता. तेव्हा कवर्धा तहसील दुर्ग जिल्ह्यातच मोडत असे, आणि थंडीच्या दौऱ्यावर कुटुंब बरोबर नेण्याचा इंग्रजी अमलातला प्रघात अजून पुरता मोडला नव्हता. रायपूरहून जबलपूरकडे जाणारा रस्ता कवर्ध्याच्या पुढे चिल्फीच्या घाटाने मैकल डोंगरावर चढतो. त्या पठारावर जंगलखात्याच्या एका विश्रामगृहात आमचा मुक्काम होता. बरोबर आई, ताई, आणि नाताळच्या सुटीसाठी नागपुराहून आलेले मामा. आईने स्टोव्ह, पितळी डबे, पाटा-वरवंटा आणि लोणच्याच्या दोन बरण्या जीपमध्ये अशा काही रचल्या होत्या की बंदुकीला जागा शेवटी तिच्याच मांडीवर मिळाली. चिल्फीची थंडी कुप्रसिद्ध आहे. सकाळी गवतावर दहिवराचे पांढरे पीठ पसरलेले असे, आणि मामा दुपारचे बारा वाजेपर्यंत रजईतून राजकारणावर बोलत असत.

दादांपाशी परवाना होता एका नर सांबराचा. त्या काळी परवाना काढून शिकार करणे हे अधिकाऱ्याला शोभेसे समजले जाई. बैठकीच्या भिंतीवर शिंगांची जोडी नसेल तर आलेला पाहुणा यजमानाच्या प्रकृतीची चौकशी करी. दादा चांगले नेमबाज होते. हाकारे घालून रान उठविणे त्यांना आवडत नसे, आणि मोटारीतून दिवा पाडून मारणाऱ्यांना ते खाटीकही म्हणत नसत, म्हणत, “खाटकाला निदान कष्ट पडतात.” पायी जावे, माग काढावा, जनावर दिसले आणि मनाला पटले तर एक गोळी घालावी, अशी त्यांची रीत. पहिले दोन दिवस ते रिकाम्या हाताने परतले. तिसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर माझ्याकडे पाहून म्हणाले, “येतोस? पण बोलायचं नाही, हलायचं नाही, आणि खोकायचं तर मुळीच नाही.”

पुढे चालणारा बैगा साठीच्या आतबाहेरचा होता. अनवाणी पाय, कमरेला पंचा, खांद्यावर बैगाच्या अंगाचाच भाग असलेली कुऱ्हाड. सालवृक्षांच्या, म्हणजे तिकडच्या सरईच्या, त्या रानात तो जमिनीकडे पाहतो आहे असे कधी वाटलेच नाही, तरी दर शंभर पावलांवर थांबून तो मला बोटाने काही तरी दाखवी आणि ओठ न हलविल्यासारखे म्हणे, “खोज.” हा मादीचा खोज, निमुळता, हा नराचा, पुढच्या खुराचा, रुंद आणि थोडा गोलसर. या कोवळ्या झाडाची साल शिंग घासून सोलली आहे आणि ओल अजून वाळलेली नाही. मध्येच तो चिमूटभर धूळ सोडी व ती कोणीकडे वाहते ते पाही. माझ्या शाळेत तेव्हा भूगोल होता, गणित होते, इंग्रजीची तोंडओळख होती. पण इतक्या आदराने मला कोणी काही शिकविल्याचे स्मरत नाही.

एका घळीच्या वर, खडकाआड, आम्ही बसलो. खाली खारट मातीचे चाटण होते. जनावरे तेथे माती चाटावयास येतात. चार वाजले असतील. ऊन सरईच्या शेंड्यांवर चढले आणि घळीत गार सावली साचली. मग, कसा आला ते कळले नाही, तो तेथे होता. सांबर ‘येत’ नाही. आधी नसतो आणि मग असतो. पाठीवर चिखल वाळलेला, मान केसांनी भरलेली, श्वासाची वाफ नाकाशी दिसत होती. प्रत्येक शिंगाला तीन टोके, सगळी पांढरी झालेली. त्याने चारी बाजूंना पाहिले, बराच वेळ पाहिले, आणि मग खाली वाकून माती चाटू लागला. मला त्याची जीभ दिसली. ती तांबडी मातीने भरलेली जीभ आणि दर वेळी चाटताना मिटणारे डोळे. आमच्या घरची गाय मिठाचा खडा चाटताना तशीच डोळे मिटत असे.

दादांनी रायफल खडकावर टेकविली. मी त्यांच्या डाव्या हाताला, एका हातावर होतो. त्यांचा गाल लाकडाला लागलेला, एक डोळा मिटलेला, आणि बोट आत जाताना मला दिसले.

मराठीत खोकला ‘येतो’. आपण तो करीत नाही. ताप येतो, झोप येते, तसाच खोकलाही येतो, आणि आलेल्या गोष्टीचा दोष कोणी आपणाला देत नाही. त्या दिवशी मला खोकला आला नव्हता. मी खोकलो.

जनावर उडून जावे एवढीच माझी इच्छा होती. ते वळले, आणि त्याच क्षणी गोळी सुटली. ते पळून जाईल हा हिशेब मी केला होता. गोळी सुटलेली असेल हा केला नव्हता. सांबराने पाठीची कमान केली, मागचे पाय पोटाशी घेतले आणि एका झेपेत ते झुडपात शिरले. दगड घरंगळल्याचा आवाज खाली खोलवर गेला आणि बंद झाला.

बैगा खाली उतरला, वाकला, एक पान उचलून त्याने वास घेतला आणि ते दादांना दाखविले. रक्त काळपट होते आणि त्यात चावलेल्या गवताचे हिरवे कण होते. “पेट के लहू आय, साहेब,” तो म्हणाला. “दूर जाही.” फुप्फुसाला लागली तर रक्त फेसाळ आणि गुलाबी असते, जनावर शंभर पावलांत पडते, पोटातली जखम रात्रभर मारत नाही. हे त्याने मला दुसऱ्या दिवशी सांगितले. दादा माझ्याकडे पाहतील म्हणून मी बुटांकडे पाहत राहिलो. ते बैगाला म्हणाले, “मेरा हाथ हिल गया,” आणि रायफलीतले पुंगळे काढून खिशात टाकले.

लगेच पाठलाग केला तर जखमी जनावर थांबत नाही, मैलोगणती जाते. थांबू दिले तर बसते आणि अंग आखडते. म्हणून थांबलो. तोवर अंधारले. बैगाने जेथे शेवटचे रक्त दिसले तेथे एक डहाळी मोडून लाविली आणि आम्ही परतलो.

त्या रात्रीचे काय सांगावे! एका लबाडीला किती औषधे लागतात ते मी त्या रात्री पाहिले. मुलाला खोकला झाला, एवढे आईच्या कानावर गेले. दादांनीच सांगितले, “त्याला गारवा बाधला, खोकत होता.” आईने छातीला नीलगिरीचे तेल चोळले, हळद घालून दूध दिले, कानाला मफलर बांधला. ताईने आपली रजई दिली. मामा म्हणाले, “चिल्फीचा गारठा, हो! मी म्हणतच होतो.” खोकला खरा ठरावा म्हणून मला मधूनमधून खोकावे लागे, आणि दर खोकल्यागणिक खाली घळीत कुठे तरी ते जनावर उठून पुन्हा बसत असेल असे वाटे. बाहेर शेकोटीजवळ बैगा बसला होता. मी लाकूड टाकण्याच्या मिषाने गेलो, तेव्हा त्याने सहज विचारले, “बाबू, तोला खाँसी हे का?” मी म्हणालो, “नइ.” का म्हणालो कोणास ठाऊक! घरातल्या सर्वांशी खोटे बोललो आणि त्याच्याशी मात्र खरे. त्याने मान हलविली आणि तो निखारे सारखे करू लागला.

पहाटे आई मला पाठवावयास तयार नव्हती. दादा म्हणाले, “येऊ दे. आरंभ त्यानं पाहिलाय. शेवट न पाहून कसं चालेल?” दारात बैगाने माझ्या हातावर एक वाळलेला हर्रा ठेवला, आपण त्याला हिरडा म्हणतो. दादांच्या देखत, मोठ्याने म्हणाला, “खाँसी बर.” तो तुरट हिरडा गालात धरून मी दिवसभर चाललो.

माग लांबचा होता. दहिवराने गवत पांढरे झाले होते आणि त्यावर काळे ठिपके होते. तीन ठिकाणी ते जनावर बसले होते. प्रत्येक ठिकाणी दबलेले गवत, काळा डाग, आणि उठताना पुढचे खूर रुतल्याची खोल खूण. पहिल्या दोन बैठकांत बरेच अंतर होते. दुसऱ्या आणि तिसऱ्यांत फार थोडे. पुढे माग उताराला लागला. बैगा म्हणाला, पाण्याकडे गेले. नाल्याच्या वाळूत आणखी काही पाऊलखुणा मिळाल्या, कुत्र्यासारख्या, पुष्कळ. सोनकुत्री सकाळच्या उजेडाबरोबर त्याच्या मागावर आली होती. सोनकुत्र्यांनी घेरले की सांबर पाण्यात शिरतो. पाण्यात त्याचे पाय उंच म्हणून टेकतात आणि कुत्र्यांना पोहावे लागते. आमची चाहूल लागून ती निघून गेली असावीत.

तो डोहात उभा होता. पाणी पोटापर्यंत. आम्ही उघड्यावर आलो तरी तो हलला नाही. त्याने फक्त दोन्ही कान आमच्याकडे वळविले. दादा पाण्यात गुडघाभर उतरले, अगदी जवळ गेले, आणि मानेत गोळी घातली. माझ्या मनगटावर घड्याळ नव्हते, पण दादांच्या होते आणि ते त्यांनी पाहिले. साडेदहा. आदल्या दिवशीचे साडेचार आणि आजचे साडेदहा, म्हणजे अठरा तास. ही बेरीज मी पुढे आयुष्यात इतक्या वेळा केली आहे की तिच्यात चूक असण्याचा संभव नाही.

दादा काठावरच्या दगडावर बसले. बूट काढून त्यातले पाणी ओतले. मला म्हणाले, “पाणी पी.” मी प्यालो. हिरड्यावर पाणी गोड लागते.

दुपारपर्यंत जवळच्या पाड्यावरची माणसे आली. सोलणे, कापणे हे मी सांगत नाही. ते कौशल्याचे आणि शांतपणाचे काम होते, एवढेच. पण वाटणी सांगितली पाहिजे. माहुलाची रुंद पाने वाळूवर ओळीने मांडली आणि म्हाताऱ्याने मांसाचे ढीग घालावयास सुरुवात केली. प्रत्येक ढिगात थोडे मांडीचे, थोडे बरगडीचे, थोडे काळीज. वजन नाही, माप नाही. तरी एक ढीग दुसऱ्यापेक्षा मोठा दिसला की तो एखादा तुकडा इकडचा तिकडे करी, आणि सगळे पाहत असत. घरटी एक वाटा. एका विधवेच्या घरी कर्ता पुरुष नव्हता, तिचाही तेवढाच. एक वाटा खोज काढणाऱ्याचा, एक बंदुकीचा. मी एकोणीस मोजले. मग त्याने आणखी एक पान घेतले, सर्व ढिगांतून एकेक लहान तुकडा उचलून त्यावर ठेवला आणि म्हणाला, “बाबू घलो संग रहिस.” बाबूही बरोबर होता. जो बरोबर होता त्याला वाटा. दादा काही बोलले नाहीत. मी ओंजळ पुढे केली. पान अजून ऊबदार होते.

शिंगे हवीत का, असे त्याने दादांना विचारले. मामा, जे आता हातात दोरी घेऊन डोहापर्यंत आले होते, मापून सांगत होते की चाळीस इंचांना तीनच बोटे कमी. दादा म्हणाले, “नको.” मामांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. त्यांनी नागपुरातील दोन-तीन भिंतींची नावेही सुचविली. पण शिंगे तिथेच राहिली, आणि म्हणून आमच्या बैठकीत आजवर शिंगे नाहीत.

रात्री आईने रस्सा केला. सांबराचे मांस राठ असते, फार वेळ शिजवावे लागते. ती चार-चारदा झाकणी उचलून पाहत होती. पानावर बसल्यावर मला घास उचलेना. आईच म्हणाली, “खोकला आहे त्याला, तिखट नको,” आणि ताट सारू लागली. माझी सुटका होत होती. दादा म्हणाले, “राहू दे. एक घास खाऊ दे त्याला. त्याचा वाटा आहे.” मी खाल्ला. पुष्कळ चावावा लागला.

दादांनी त्यानंतर परवाना काढला नाही. १९७२ साली वन्यजीव संरक्षणाचा कायदा झाला, शिकार बंद झाली, आणि एके दिवशी त्यांनी रायफल रीतसर जमा करून पावती आणली. आईने ती विजेच्या बिलांबरोबर तारेला अडकविली. शिकारीचे लेखन मात्र ते आवडीने वाचीत. व्यंकटेश माडगूळकरांचे ‘नागझिरा’ निघाले तेव्हा त्यांनी ते दोनदा वाचले आणि मला पाठविले, आत एकही अक्षर न लिहिता. इकडे मामांनी नागपुरात एका गोळीची कथा उभी केली होती. लग्नात, मुंजीत, डोहाळजेवणात ती वाढत गेली. घळीचा कडा झाला, तीस पावलांची दोनशे झाली. दादा समोर असले तरी खोडून काढीत नसत. सुपारी कातरीत बसत. मला वाटे, ते मला झाकीत आहेत. कधी वाटे, त्यांना काही ठाऊकच नाही आणि आपला हात हलला हे ते खरेच समजतात. हा दुसरा संशय अधिक छळी. कारण मग त्या अठरा तासांचे ओझे ते माझे असून वाहत होते.

त्यांच्या अखेरच्या हिवाळ्यात मी रजा घेऊन उशाशी असे. एका रात्री मला खरोखरीच खोकला झाला, कोरडा, थांबेना. ते झोपले आहेत असे समजून मी उठून बाहेर जाऊ लागलो. डोळे न उघडताच ते म्हणाले, “हा खरा आहे.”

मी दाराशी उभा राहिलो. बोलावयास चांगली पाच मिनिटे होती. मी म्हणालो, “पाणी देऊ का?” ते म्हणाले, “दे.”

तर हे सारे मी नातवाला सांगितले. त्याच्या वडिलांनी मागितलेली गोष्ट ही नव्हे हे मला कळत होते. पण मामांची कथा त्याच्या हाती देऊन त्याला डोंगरावर पाठविणे मला जमेना. त्याचे मराठी घरापुरते आहे, म्हणून हळूहळू, अवघड शब्द दोनदा सांगून, सुमारे तासभर बोललो. तो मध्ये बोलला नाही. शेवटी त्याने विचारले, “आजोबा, ओरडला का नाहीत? म्हणायचं ना, मारू नका.” मी म्हणालो, “सुचलं नाही.” दुसरे खरे उत्तर असे की आमच्या घरात तसे कोणी वडिलांना म्हणत नसे. ते त्याला समजले नसते. नंतर चिरंजीव बोलावयास आले, आणि बराच वेळ त्यांच्या श्वासाचाच आवाज येत राहिला. “हे तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत,” असे ते म्हणाले. रागाने नव्हे, पण अगदी रागावाचूनही नव्हे.

नोव्हेंबरात त्यांचा पुन्हा दूरध्वनी आला. चार दिवस बर्फात चालून, चौथ्या दिवशी शिकार झाली होती. चिरंजिवांचा आवाज चढलेला होता. नातवाने एका गोळीत काम केले, असे ते म्हणाले. मला आनंद झाला, आणि लगोलग मामा आठवले. मी म्हटले, “त्याला दे जरा.” तो आला. मी विचारले, “किती गोळ्या लागल्या रे?”

“दोन,” तो म्हणाला. “पहिली थोडी मागे लागली. दुसरी मी लगेच मारली. बाबा एकच सांगतात.” मग थोडे थांबून, “चालत खाली आणायला सहा फेऱ्या झाल्या. शेजाऱ्यांना दिलं, शाळेतल्या सरांना दिलं. तुमचा वाटा ठेवलाय.”

त्याने छायाचित्र पाठविले. शीतकपाटात खालच्या कप्प्यात कागदात गुंडाळलेले एक पुडके आहे, आणि त्यावर शाईने, जोडाक्षर नसल्यामुळे बिनचूक, ‘आजोबा’ असे लिहिले आहे. माझा व्हिसा अजून शिल्लक आहे. उन्हाळ्याआधी निघेन म्हणतो. बाजारातून थोडे हिरडे आणून ठेवले आहेत. ते विमानातून नेऊ देतात की नाही तेवढे विचारावयाचे राहिले आहे.